गोडाऊन रिकामं कर

"तू केरूला नेमकं काय सांगितलंस, तेवढंच सांग आये. बाकीचं नको."

कान्हू हे तिसऱ्यांदा विचारत होता. सगुणाच्या हातात पेणहून आणलेली पिशवी अजून तशीच होती. डिंक, खारीक, हळीव, बाळंतशेपा. पिशवी खाली ठेवायला घरात जागा नव्हती. ओटीवर, माजघरात, देव्हाऱ्यासमोर, चुलीकडे जायच्या वाटेवर, जिथे म्हणून पाऊल पडेल तिथे पांढरे कोरे गणपती उभे होते. अजून रंग नव्हता, डोळे नव्हते. सकाळी ती घरातून निघाली तेव्हा यातला एकही इथे नव्हता.

"गोडाऊन रिकामं कर, असं सांगितलं," सगुणा म्हणाली.

"मग त्यानं केलं. त्याची काय चूक?"

"मला कोठी म्हणायची होती."

"मग कोठी म्हणायचं."

"आठ दिवस कोठीच म्हणत होते. त्याला कळेना. कुठली कोटी काकी, कुठली कोटी काकी, करत बसला. म्हणून म्हटलं एकदा तुझा शब्द वापरून बघू."

"आतलं गोडाऊन म्हणायला काय झालं होतं? आतलं. एवढा एक शब्द."

"तो राहिला," सगुणा म्हणाली.

ओटीच्या कोपऱ्यात तिचा नवरा काळुराम स्टुलावर पाय वर घेऊन बसला होता. पाय सोडायच्या जागी चार मूर्ती होत्या. "मला पण जरा पॉलिश पेपर मारा," तो म्हणाला. "ह्याच रांगेत खपून जाईन."

"तुम्हाला कोण नेतंय," सगुणा म्हणाली.

चुलीकडच्या दारात सून उभी होती, इंदू. तिला बाहेर यायचं तर दोन मूर्ती उचलून बाजूला कराव्या लागल्या असत्या, म्हणून ती तिथूनच बोलली. "मी आईंना फोन लावला होता. तर फोन फडताळात वाजायला लागला. ह्यांना लावला तर हे उचलीनात."

"मी मुंबईला व्यापाऱ्यासमोर बसलो होतो," कान्हू म्हणाला.

"मग मी काय करणार? केरूला विचारलं, तर म्हणे काकीनं सांगितलंय. काकीनं सांगितलं म्हटल्यावर मी कोण?"

त्यात टोमणा होता, पण सगुणाला तो उचलायचा कंटाळा आला.

झालं होतं ते असं. फाट्यावर सोसायटीचं जुनं गोदाम होतं, ते कान्हूने मूर्तींसाठी घेतलं होतं. त्याला तो गोडाऊन म्हणायचा. घरात माजघरामागे कोठीची खोली होती, तिच्यातही मूर्तीच असायच्या. तिला तो आतलं गोडाऊन म्हणायचा. केरू आणि त्याच्या वाडीवरची तिघं जणं गेली दोन वर्षं मालाची उचलठेव करायला येत. त्यांना एकच गोडाऊन ठाऊक होतं, फाट्यावरचं. सकाळी सगुणा रिक्षात बसता बसता केरूला सांगून गेली, आणि नेमका साचे घेऊन आलेला टेंपो दारात उभा होता. चार खेपांत त्यांनी फाट्यावरच्या एकशेचाळीस मूर्ती घरात आणून लावल्या. कोठीतल्या साठ खरं तर फाट्यावर जायच्या होत्या, त्या होत्या तिथेच राहिल्या. आणलेल्या, जागा होती तिथे लावल्या, जागा संपल्यावर जागा नव्हती तिथे लावल्या. जाताना केरूने इंदूला सांगितलं, "काकी बोलली तसं केलं. झाडून पण घेतलंय सगळं." उद्यापासून तो आणि त्याची माणसं लावणीला कोलाडकडे जाणार होती, पंधरा दिवस येणार नव्हती. टेंपो गेला होता. बाहेर आषाढ धरून बसला होता.

आणि सगुणाची लेक मालू रविवारी बाळंतपणाला येणार होती. आज गुरुवार.

*

सगुणाचं माहेर खाडीकाठचं. बाप, नाथा, मिठागरावर. लहानपणी तिने साठवण पाहिली ती उघड्यावरची. पांढरी रास बांधावर घालायची, वरून पेंढा पसरायचा, आणि होडी येईपर्यंत आभाळाकडे बघत बसायचं. होडीतून मीठ बंदरावरच्या वखारीत जाई. वखार शेटची. तिच्या दारापर्यंत टोपली न्यायची आणि उंबऱ्याबाहेर ओतून परत फिरायचं. आत काय आहे, किती आहे, हे बापालाही ठाऊक नव्हतं. जिच्यात आपलं जातं आणि आपल्याला जाता येत नाही ती वखार, एवढाच त्या शब्दाचा अर्थ तिला माहीत होता.

सोळाव्या वर्षी ती हमरापूरला काळुरामच्या घरी आली. तिसऱ्या दिवशी सासूने, धोंडुबाईने, सांगितलं, "कोठीतून तांदूळ काढून आण गो." सगुणाने विचारलं, "वखार कुठल्या बाजूला हाय?"

नणंदा इतक्या हसल्या की चुलीवरचं दूध उतू गेलं. पुढे वर्षभर त्या तिला वखारवाली म्हणत होत्या. धोंडुबाई मात्र हसली नाही. तिने कमरेची किल्ली काढली, स्वतः उठली, सुनेला कोठीपर्यंत घेऊन गेली आणि दार उघडून म्हणाली, "वखारीत दुसऱ्याचं ठेवतात. कोठीत आपलं. परत चुकू नको."

कोठीची जमीन बाकी घरापेक्षा दोन वीत उंच होती. भिंती जाड, खिडकी नाही, वर हातभर झरोका. आत भाताच्या माणसाएवढ्या तीन कणग्या उभ्या होत्या, बांबूच्या, शेणामातीने लिंपलेल्या, तोंडाशी निगडीचा पाला घातलेल्या. आत शिरलं की बाहेरचा पाऊस लांब गेल्यासारखा वाटे. घरात कोणी बाळंतीण असली की एक कणगी सरकवून तिथे खाट टाकत. धोंडुबाईचं म्हणणं असं, की भात आणि बाळंतीण, दोघांना ओल चालत नाही आणि वारा चालत नाही, मग दोन खोल्या कशाला बांधायच्या.

मालू त्या कोठीत झाली. सव्वा महिना सगुणा भाताच्या वासात निजली. शेक, शेगडी, धुरी, वेळेवर आलेलं ताट. नणंदा दारापर्यंत येत आणि तिथूनच बोलून जात, कारण धोंडुबाई त्यांना आत सोडत नसे. बाळंतपणाचे दिवस सोडले तर आतून दार लावून निजणं सगुणाला आयुष्यात कधी मिळालं नाही. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही तिला वाटत नव्हतं. पण कधी फार थकली की तिला ते दार आठवे.

कान्हूही कोठीतच झाला. तो वीस दिवसांचा होता तेव्हा उधाणाला पावसाने गाठलं आणि खाडीचं पाणी अडवणारा खारबांध फुटला. गुडघाभर पाणी घरात आलं. कणग्या खालून भिजल्या. सगळी आळी फाट्यावरच्या गुदामाकडे पळाली. तेव्हा त्याला गुदाम म्हणत. ते सोसायटीचं, भात साठवायला बांधलेलं, दगडी, छातीएवढ्या जोत्यावरचं. काळुराम तिथे हमाल होता, किल्ली त्याच्याजवळ असे. धोंडुबाईने आत जाऊन सगळं हाताने चाचपून पाहिलं, भिंत, फरशी, थप्प्या, आणि मग सगुणाला पोरासकट पोत्यांच्या थप्पीवर चढवलं. "इथं निज," म्हणाली. "इथं ओल येत नाय." बाकी आळी खाली दाटीवाटीने, आणि ही वर एकटी, पोराला घेऊन, पोत्यांच्या पलंगावर. अकरा दिवस.

पाणी उतरलं तेव्हा शेतात खार बसली होती. कणग्यांतलं भात कुजलं होतं, ते बाहेर नेऊन टाकलं. दोन कणग्या पुढच्या पावसाळ्यात जळणात गेल्या. तिसरी धोंडुबाईने जाळू दिली नाही. ती रिकामीच उभी राहिली, आणि धोंडुबाई रोज संध्याकाळी किल्ली घेऊन कोठी उघडायची, आत जाऊन यायची आणि परत कुलूप लावायची. सोसायटीही नंतर बसली. काळुरामचं काम गेलं, किल्ली गेली.

सगुणा गणपतीच्या कारखान्यात घासकामाला जाऊ लागली. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे पॉलिश पेपरने घासायचे, भोकं बुजवायची, मोडलेलं बोट नवं करून लावायचं. नाकातोंडात पांढरी धूळ. घरी आली की काळुराम म्हणायचा, "आली बघा पिठाची गिरण." वीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या मूर्ती घासल्या. मग कान्हू हाताशी आला, त्याने स्वतःचे साचे घेतले. पहिल्या साली वीस मूर्ती केल्या आणि कोठीत ठेवल्या. सगुणानेच सांगितलं होतं, कोठीत ठेव, ओल येत नाय. शेवटची कणगी त्या वर्षी निघाली. धोंडुबाई तेव्हा नव्हती.

पुढच्या वर्षी चाळीस. मग माजघरात फळ्या आल्या. मग ओटीवर. माघापासून गणपतीपर्यंत घरातली माणसं भिंतीला अंग लावून चालायला शिकली. जेवायला कोण कुठे बसेल ते मूर्ती कुठे आहेत त्यावर ठरे. पुढे फाट्यावरचं गोडाऊन घेतल्यावर ओटी-माजघर मोकळं झालं, कोठी झाली नाही. आणि कोठी हा शब्द घरातून कधी गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एकटी सगुणा तो म्हणायची.

कुठल्या व्यापाऱ्याच्या मूर्ती कुठे आहेत हे मात्र तिलाच ठाऊक असायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. दादरवाला आत डावीकडे, पनवेलवाला वरच्या फळीवर, नाजूक सोंडेच्या झरोक्याखाली. कान्हू फोनवर बोलता बोलता हाक मारायचा, "आये, ते फेटेवाले कुठं?" आणि ती पिठाचा हात तसाच धरून सांगायची.

*

मालूला रोह्याला दिली, तिथे वरसेला. जावई कंपनीत, शिफ्टचं काम. भाड्याच्या दोन खोल्या, सासू, दीर. पहिल्या खेपेला मालूचे दिवस श्रावणात भरत होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही कुणी कुणाला सांगायला लागत नाही. पण तेव्हा फाट्यावरचं गोडाऊन नव्हतं, श्रावणात घरात उभं राहायला जागा नव्हती. कान्हू ज्येष्ठातच म्हणाला होता, यंदा खोली मोकळी व्हायची नाय. सगुणाने दोन दिवस काही केलं नाही आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच मालूला कळवलं, "तिथंच कर बाय. मी येऊन जाऊन बघते."

सीझन होता. ती दोनदाच गेली. मालू चुलीजवळ एका पडद्याआड निजली होती. बाहेरच्या खोलीत नवरा रात्रपाळी करून दिवसा झोपायचा, म्हणून पोर रडलं की मालू त्याच्या तोंडाशी पदर धरायची. सगुणाने ते पाहिलं. डिंकाचे लाडू ठेवले आणि शेवटची गाडी गाठली.

मालूने कधी तक्रार केली नाही. फक्त तेव्हापासून फोन केला की ती विचारायची, "काय गो आये, गोडाऊन उघडं हाय का? दिवाळीला यावं म्हणते." आणि हसायची. सगुणाही हसायची. फोन ठेवल्यावर मात्र ती थोडा वेळ तशीच उभी राहायची, कशाला उठलो होतो ते विसरल्यासारखी.

आता चार वर्षांनी मालूला पुन्हा दिवस गेले. मार्गशीर्षात कळलं तेव्हाच सगुणाने सांगितलं, "ह्या खेपेला कोठी तुझी." मालू म्हणाली, "नक्की ना? मी सासूला सांगून ठेवू?" सगुणा म्हणाली, "ठेव सांगून."

*

"परत न्यायच्या तर कुणी न्यायच्या?" कान्हू म्हणत होता. त्याने एक मूर्ती उचलून वाट केली होती आणि आता ती ठेवायची कुठे म्हणून छातीशी धरून उभा होता. "केरू गेला. दुसरी माणसं लावणीच्या दिवसांत मिळायची नायत. पावसात टेंपोतून परत काढल्या तर काय राहील? एवढ्यातच अकरा बोटं गेलीत. तीन कान."

"कान मी लावते."

"तू किती लावशील?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याचे डोळे लाल होते, मुंबईहून उभ्याने आला होता, आणि येत्या दीड महिन्यात त्याला झोप मिळणार नव्हती. त्याच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"कोठीतल्या तरी बाहेर काढू," ती म्हणाली.

"बाहेर म्हणजे कुठं? दाखव जागा. तूच दाखव."

तिने पाहिलं. जागा नव्हती. काळुरामनेही मान वळवून पाहिलं. "माझं स्टूल तेवढं मोकळं होऊ शकेल," तो म्हणाला. "मी उभा राहीन."

"बाबा, जरा गप बसा."

"मी गप्पच असतो रे. आज माणसं जास्त आहेत म्हणून बोललो."

इंदू हसली आणि तिने लगेच तोंडावर पदर घेतला. मग कान्हू हळू आवाजात म्हणाला, "आये, मालूला कळव. वाटलं तर तूच दहा-बारा दिवस वरसेला जा. मी नाय म्हणत नाय."

"दहा-बारा दिवस," सगुणा म्हणाली.

"मग किती? सीझन हाय."

इंदूने मूर्तींवरून हात लांब करून फोन तिच्याकडे दिला. सगुणाने पिशवी काळुरामच्या मांडीवर ठेवली आणि फोन लावला.

"बोल गो आये." मालूच्या मागे कुकरची शिटी झाली. "पिशवीच भरतेय. पोरीची दोन स्वेटरं घेऊ का? तुझ्या कोठीत गार वाटतं."

उत्तर द्यायच्या आधी सगुणाने कोठीच्या दाराकडे पाहिलं. तेवढा वेळ मालूला पुरे झाला.

"जागा नाय ना?"

"तसं नाय."

"असू दे गो. मी ह्यांना सांगते. सासू काय दोन दिवस बोलेल, मग गप बसेल. खरंच असू दे." आणि मग ती हसली, नेहमीसारखी. "गोडाऊनमध्ये कोण बाळंत होतं, आये?"

सगुणा फोन कानाला धरून तशीच उभी राहिली. मालू दोनदा "आये, आये" म्हणाली, तेव्हा तिला भान आलं.

"पिशवी भरून ठेव," ती म्हणाली. "दोन्ही स्वेटरं घे. रविवारचं रविवारी." आणि तिने फोन बंद केला.

"काय म्हणाली?" कान्हूने विचारलं.

"फाट्यावरची किल्ली दे. कुलूप नीट लागलंय का बघून येते."

"आता? पावसात? केरूनं लावलं असेल."

"केरूनं सगळंच नीट केलंय. बघून येते."

*

फाटा दहा मिनिटांवर. छत्री वाऱ्याने उलटी होत होती, म्हणून तिने ती मिटली आणि पदर डोक्यावर घेऊन चालली. गेल्या तीन-चार वर्षांत ती गोडाऊनमध्ये शंभरदा आली असेल. रंगाऱ्यांचं जेवण घेऊन, मोडलेली बोटं लावायला, कुठला माल कुठे लावायचा ते दाखवायला. ते रिकामं तिने पाहिलं नव्हतं.

जोत्याच्या पाच पायऱ्या. दारावर अजून जुनी अक्षरं होती, सोसायटीचं नाव पावसाने खाल्लेलं, खालचं तेवढं राहिलेलं, भात साठवण गोदाम. तिने कुलूप काढलं आणि दार ढकललं.

केरूने खरंच झाडून घेतलं होतं. फरशीवर मूर्तींच्या बुडांचे पांढरे गोल तेवढे राहिले होते, रांगेने. वर जाळीचे झरोके, आत वारा नाही. रंगाऱ्यांसाठी लावलेला दिवा होता, तो तिने लावला. मागच्या बाजूला नळ आणि संडास, तो कान्हूने गेल्या साली दुरुस्त करून घेतला होता. तिने चप्पल काढली आणि अनवाणी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. मग सासूने केलं होतं तसं भिंतीला तळहात लावला. कोरडी. खाली, फरशी आणि भिंत मिळते तिथे बोट घातलं. कोरडं. घरात देव्हाऱ्यामागची भिंत आषाढात ओघळते. इथे आठ दिवसांचा पाऊस बाहेर होता आणि आत त्याचा मागमूस नव्हता.

भाताचा वास येतो का, हेही तिने पाहिलं. नाही आला. प्लास्टरचा येत होता. नाही तर नाही.

उजव्या हाताच्या कोपऱ्यात थप्पी असायची. तिथे मालूची खाट बसेल, तिने ठरवलं. डोकं झरोक्याकडे नको. शेगडी दाराच्या बाजूला, म्हणजे धूर कोंडणार नाही. दुसऱ्या बाजूला आपली सतरंजी आणि नात. पेणच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर रिक्षा समोरच उभ्या असतात. घरातून न्यायची तर दीड माणूस रुंदीच्या बोळातून फाट्यापर्यंत चालवत आणावी लागली असती.

ती पायरीवर जरा टेकली. पाय दुखत होते. एरवी ती अशी बसली असती तर आतून कोणीतरी हाक मारली असती. तिने थोडा वेळ वाट पाहिली. कोणी हाक मारली नाही.

*

ती परत आली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. काळुरामचं ताट स्टुलावर आणि तो खाली, मूर्तींच्या मधे मांडी घालून. कान्हू उंबऱ्यावर. इंदू चुलीपाशी. सगुणाचं ताट तिने झाकून ठेवलं होतं. सगुणाने ते उघडलं नाही. ओला पदर पिळला आणि माजघराच्या खांबाला टेकून उभी राहिली.

"लागलं होतं का कुलूप?" कान्हू म्हणाला.

"लागलं होतं. मालू रविवारी येतेय."

कान्हूचा घास हातातच राहिला. "आये, आत्ता तर बोललो आपण."

"ती इथं यायची नाय. फाट्यावर येणार. मी पण तिथंच राहणार, सव्वा महिना."

"फाट्यावर कुठं?"

"गोडाऊनमध्ये."

इंदू भाकरी टाकायची थांबली. कान्हूने आधी बापाकडे पाहिलं, मग आईकडे. "लोक काय म्हणतील? बहिणीला गोडाऊनमध्ये ठेवली म्हणतील मला."

"मागच्या खेपेला वरसेला ठेवली तेव्हा कुणी काय म्हटलं नाय. आता म्हटलं तर म्हणू दे."

"आणि रंगकाम? सोमवारी रंगारी येणार. ते कुठं बसवू मी?"

"इथं बसव. माल इथं हाय."

"इथं? इथं बाबांना पाय सोडायला जागा नाय."

"मला नको जागा," काळुराम म्हणाला. "मी त्यांना ब्रश देत बसेन. पण ती जागा चांगली हाय, कान्हू. वीस दिवसांचा होतास तू, थप्पीवर निजायचास. खाली सगळी आळी शिंकत होती आणि तुला साधं पडसं झालं नाय."

"ते वेगळं होतं बाबा. पूर होता."

"आता काय वेगळं हाय?" सगुणा म्हणाली.

कान्हूने हातातला घास खाल्ला. मग त्याने विचारलं ते अगदी साधेपणाने, भांडण संपल्यासारखं. "आणि मला कुठलं काय सापडायचं? दादरवाल्याचे कुठले, पनवेलवाल्याचे कुठले? केरूनं सगळे मिसळलेत."

"मला पण ठाऊक नाय आता. मी लावलेलं नाय ते. बघून घ्या."

"रंगाऱ्यांचं जेवण मी एकटीनं करायचं?" इंदूने आतून विचारलं. तक्रार होती, पण तिच्या आवाजात आणखीही काहीतरी होतं. मग ती दारापर्यंत आली, हात पिठाचे. "आई, तिथं खरंच ओल नाय?"

"नाय."

"दाराला आतून कडी हाय?"

सगुणाने तिच्याकडे पाहिलं. सात वर्षांत या पोरीने तिला असलं काही विचारलं नव्हतं. "हाय," ती म्हणाली. "दुपारी येत जा घटकाभर."

कान्हू उठला, ताट उचललं, हात धुवायला जागा शोधत मूर्तींमधून वाकडातिकडा मोरीपर्यंत गेला. तिथून म्हणाला, "सव्वा महिन्यानं तरी मोकळं करशील ना?"

सगुणाने काळुरामजवळची पिशवी घेतली, आतले पुडे ओले झाले नाहीत ना ते पाहिलं, आणि गोडाऊनची किल्ली पदराच्या टोकाला बांधून ती कमरेला खोचली.

"खाट उद्या सकाळी न्यायची," ती म्हणाली. "दोघांनी उचलायची, कान्हू आणि त्याच्या बाबांनी. शेगडी मी नेते. किल्ली माझ्याकडं राहील."